जेवना डोया

आमच्या क्लबात दर रविवारी सकाळी कुणीतरी पाहुणा येऊन बोलतो, आणि तो पाहुणा शोधून आणायचं काम गेली चार वर्षं माझ्या गळ्यात आहे. गळ्यातच म्हणते, कारण मी ते मागितलं नव्हतं. शाळेतून निवृत्त झाले त्याच महिन्यात अध्यक्ष घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले की मॅडम, तुम्ही मराठीच्या शिक्षिका, तुमच्या एवढ्या ओळखी, हे तुम्हीच सांभाळा. मला नाही म्हणता येत नाही. आणि हो म्हटलं की झोप लागत नाही. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते माझ्यासारखीला पाहूनच म्हटलं असेल.

वक्ता ठरला की माझी काळजी सुरू होते, ती त्याला नारळ देऊन गाडीत बसवेपर्यंत संपत नाही. येईल का? वेळेवर येईल का? आणि एकदा बोलायला लागला की थांबेल का? ताणतणावावर बोलायला आलेले एक गृहस्थ दीड तास बोलले, शेवटी आम्हालाच ताण आला. 'सुखी उतारवय' या विषयाचे पाहुणे निघाले विम्याचे एजंट. भाषण संपल्यावर पिशवीतून फॉर्म काढून वाटायला लागले. एका रविवारी लग्नाची दाट तिथी होती, तर हॉलमध्ये वक्ता, अध्यक्ष, मी आणि पोहे घेऊन आलेला माणूस, एवढेच. पोहेवाल्याला मी पुढच्या रांगेत बसवलं. बिचारा शेवटपर्यंत बसला आणि टाळ्याही वाजवल्या.

तर ज्या रविवारची गोष्ट सांगतेय, त्याचे वक्ते जळगावातलेच एक हृदयविकाराचे डॉक्टर होते. त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी कळवलं की जमणार नाही. आली का पंचाईत! मी शनिवारी दुपारपर्यंत अकरा जणांना फोन केले. शेवटी शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंनी नाव सुचवलं: धुळ्याकडचे एक निवृत्त मास्तर, खानदेशी बोलीतले शब्द गोळा करतात, वह्याच्या वह्या भरल्यात, बोलावलं तर लगेच येतील. लगेच येतील एवढंच मी ऐकलं.

खरं सांगायचं तर विषय मला आवडला नव्हता. बोलीवर तासभर काय बोलणार हा माणूस, असं वाटलं. माझं माहेर रावेरकडचं, केळीवाल्यांचं. घरात सगळे तिकडची बोली बोलायचे, धुळ्याकडच्या बोलीहून वेगळी, पण मी जळगावला कॉलेजात आले तेव्हा मुली हसल्या, आणि मी सहा महिन्यांत जीभ घासूनपुसून लख्ख केली. पुढे अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं. पश्चिमेकडच्या खेड्यांतली पोरं वर्गात 'डोया' म्हणायची, 'शे' म्हणायची. मी म्हणायचे, डोळा म्हण, आहे म्हण, नीट बोल. पोरं मान खाली घालून म्हणायची, हो मॅडम. शुद्ध भाषेच्या नावानं मी नाकानं कांदे सोलले, आणि तेव्हा मला त्याचा अभिमानच होता.

आता त्याच आठवड्यातल्या बुधवारचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बुधवारी आमच्या क्लबाचं डोळ्यांचं शिबिर होतं, शिंदखेडा तालुक्यात, नरडाण्याच्या पलीकडच्या एका खेड्यात. आमच्यातल्या एका सभासदाचा नरडाण्याच्या एमआयडीसीत पाइपचा लहानसा कारखाना आहे, त्यांच्या कामगारांच्या ओळखीनं ते गाव ठरलं. त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही म्हणते. तपासायला माणसं धुळ्याच्या एका धर्मादाय दवाखान्यातून आली होती. पद्धत साधी होती. शाळेच्या व्हरांड्यात पहिल्या टेबलावर मी. माणूस आला की कार्डावर नाव, गाव, वय, आणि त्रास कुठल्या डोळ्याला, उजव्या की डाव्या, ते लिहायचं. दुसऱ्या टेबलावर दवाखान्याचा माणूस बॅटरी मारून पाहणार आणि मोतीबिंदू दिसला की कार्डावर ऑपरेशनचा शिक्का मारणार. शिक्केवाल्यांना रविवारी पहाटे दवाखान्याची बस धुळ्याला नेणार होती, आणि त्याच दिवशी अकरापासून ऑपरेशनं.

अक्षर चांगलं म्हणून मला कार्डांवर बसवलं होतं. रांग संपता संपेना. ऊन टेबलावर आलं होतं, मागे भाऊ मोठ्या पातेल्यात खिचडी ढवळत होते, लोक एकमेकांच्या अंगावरून पुढे घुसत होते. त्यात एक अक्का आल्या. लहानखुऱ्या, डोक्यावरचा पदर पार कपाळाच्या खाली ओढलेला, सोबत कुणी नाही. नाव सांगितलं, गाव सांगितलं, वयाला हात हलवला. मी विचारलं, कुठल्या डोळ्याला त्रास आहे? त्या म्हणाल्या, "डावा ते गया. जेवना दखा."

मी 'डावा' ऐकलं. गया म्हणजे नजर गेली, हेही मला कळलं. आणि जेवणाचं बघा म्हणतायत, असं समजून मी म्हटलं की हो अक्का, जेवण आहे, तपासणी झाली की मिळेल. मागचे दोघंतिघं हसले. मीही हसले असेन. अक्का काहीतरी बोलायला गेल्या, पण मी 'डावा' लिहून कार्ड त्यांच्या हातात दिलं होतं आणि पुढच्याला हाक मारली होती. दुसऱ्या टेबलावर त्या कार्डावर शिक्का बसलेला तेवढा मी पाहिला.

रविवारी साडेनऊला सभा सुरू झाली. मास्तर वेळेच्या आधी आले होते, एसटीनं, खांद्याला कापडी पिशवी. हॉल निम्मा भरलेला बघून मला जरा हायसं वाटलं. ते छान बोलत होते, हेही कबूल करते. गोष्टी सांगत होते, लोक हसत होते, भाऊ तर मांडीवर थाप मारत होते. मी मात्र घड्याळाकडे बघत होते, कारण शेवटी आभार मी मानायचे होते आणि कागदावर दोनच ओळी लिहिल्या होत्या.

मास्तर म्हणाले, की काही शब्द आपल्याकडे असे आहेत की पुण्याच्या माणसाला सांगितलं तर तो ताट घेऊन बसेल. उजव्या हाताला आमच्याकडे काय म्हणतात? ज्या हातानं जेवतो तो. म्हणून जेवना हात. रस्त्यानं जाताना जेवनीकडे वळ म्हणजे उजवीकडे वळ. डावा आणि जेवना.

सगळे हसले. मी नाही हसले. डावा ते गया. जेवना दखा. डावा तर गेला, उजवा बघा. एवढं सरळ वाक्य, एक शब्दही इकडचा तिकडे नाही. आणि मी कार्डावर काय लिहिलं? माझ्या सुंदर वळणदार अक्षरात, डावा.

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. बस धुळ्याला पोचली असणार. पन्नास मिनिटांनी ऑपरेशनं सुरू. कुणीतरी माझं कार्ड वाचणार आणि त्या बाईचा भलताच डोळा उघडणार. मला डोळ्यांतलं काही कळत नाही, म्हणून तर मला सगळंच दिसायला लागलं.

मी बाहेर जिन्यात येऊन दवाखान्याच्या शिबिरवाल्या माणसाला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पाचव्यांदा उचलला तर म्हणतो, मॅडम, थिएटरची तयारी चालू आहे, नंतर करा. मी एका दमात सगळं सांगितलं. नाव विचारलं, सांगितलं. तो यादीत बघून म्हणाला, त्या गावच्या या नावाच्या दोन बाया आहेत, कुठली? मला आडनाव आठवेना! वीस वर्षांपूर्वीच्या पोरांचे हजेरी क्रमांक आठवतात मला, आणि चार दिवसांपूर्वी स्वतः लिहिलेलं आडनाव आठवेना. बघतो, म्हणाला आणि ठेवला. मग फोन लागलाच नाही.

आत जाऊन अध्यक्षांच्या कानाशी वाकले. अध्यक्ष म्हणाले, डॉक्टर लोक बघतातच हो, तुम्ही उगाच घाबरता, आधी आभार तरी माना. माझं डोकंच फिरलं. आभार तुम्ही माना, म्हटलं, आणि पर्स उचलली. भाऊंनी माझं तोंड बघितलं असावं. काही न विचारता माझ्यामागे खाली आले आणि गाडीचं दार उघडलं.

जळगाव ते धुळे मी शेकडो वेळा गेले असेन, पण एवढा लांब रस्ता कधी पाहिला नव्हता. पाळधीपाशी ट्रकांची रांग. एरंडोलच्या पुढे उसाची ट्रॉली मधोमध. भाऊंना मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, समोर बघत म्हणाले, की जेवना म्हणजे उजवा हे तर बठ्ठ्या, सगळ्याच गावाला माहीत आहे मॅडम, मी मागेच खिचडी ढवळत होतो, मला एक हाक मारायची. मी म्हटलं, तुम्ही इतकी वर्षं क्लबात आहात, तुमच्या तोंडून हा शब्द मी कधीच ऐकला नाही.

त्यांनी पुढचा ट्रक ओलांडून घेतला. मग म्हणाले, "तुमच्यासमोर कोण बोलेल तसं? तुम्ही लगेच सुधरवता."

मी खिडकीतून बाहेर बघत बसले. मला त्यांचा राग आला, आणि राग यायचं काही कारण नव्हतं, याचाही राग आला. दर पाच मिनिटांनी फोन लावत होते. अकरा वाजले तेव्हा आम्ही पारोळ्याच्या अलीकडे होतो. आता झालं असेल, असं मनात आलं. मग वाटलं, पहिला नंबर तिचा कशाला असेल? मग वाटलं, का नसेल? नवस वगैरे मी बोलत नाही, पण त्या दिवशी रस्त्यातल्या प्रत्येक देवळाला हात जोडले. भाऊंनी ते पाहिलं आणि गाडी आणखी जोरात सोडली.

बाराला थोडी मिनिटं असताना दवाखान्यात पोचलो. मी जिना चढून थिएटरच्या बाहेरच्या बाकांपाशी गेले. हिरव्या झग्यातली माणसं ओळीनं बसलेली, प्रत्येकाच्या एका भुवईवर चिकटपट्टीचा तुकडा लावलेला, कुठला डोळा ते कळायला. मी एकेकाचं तोंड बघत गेले. अक्का नव्हत्या. आत असतील, असं वाटून मी धावत दाराकडे गेले. तिथल्या सिस्टरला यादी दाखव म्हटलं, आणि दोन्ही नावं समोर आल्यावर आडनाव आठवलं. तिनं बोट खाली खाली नेलं आणि म्हणाली, ह्यांचं ऑपरेशन नाही, ह्या परत.

परत म्हणजे? तर कार्डावर डावा लिहिलेला, आणि शिबिरात बॅटरीत तो पांढरा दिसला म्हणून मोतीबिंदू समजून शिक्का बसलेला. सकाळी गर्दीत नवशिक्या डॉक्टरनं कार्ड वाचून डावा डोळा तपासला. तो डोळा लहानपणीच गेलेला होता, कापसाच्या पऱ्हाटीचं टोक लागून. आतलं सगळं सुकलेलं. त्यानं लिहिलं, उपयोग नाही, परत पाठवा. उजवा बघायचं त्याच्या मनात आलं नाही, कारण कार्डावर उजव्याचं काही नव्हतं. परत जाणाऱ्यांना खाली जेवायला दिलं होतं, दुपारी गाडी त्यांना गावी सोडणार होती.

चिरलं नव्हतं. पहिल्यांदा एवढंच कळलं. आणि मग दुसरं कळलं, की माझ्या एका शब्दानं ही बाई आंधळी म्हणूनच घरी निघाली होती.

खाली मागच्या ओट्यावर अक्का बसल्या होत्या. मांडीवर पत्रावळ, खिचडी. जेवत होत्या, पत्रावळ चाचपडत. पदर मागे सरकला होता, म्हणून मी पहिल्यांदा त्यांचे डोळे पाहिले. डावा पांढराफटक. उजव्यावर दुधाळ साय.

मी जवळ बसले, म्हटलं अक्का, मी शिबिरातली, कार्ड लिहिणारी. त्यांनी आवाजावरून ओळखलं. हात थांबवला आणि अगदी साधेपणानं म्हणाल्या, "बाई, जेवन भेटनं बरं का."

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. जेवण मिळेल असं मी सांगितलं होतं, ते मिळालं, एवढंच त्या सांगत होत्या. मला रडू आलं. भाऊ मागे उभे होते, त्यांनी पुढे होऊन अक्कांशी त्यांच्या बोलीत बोलायला सुरुवात केली, भराभर, मी कधी ऐकलं नव्हतं तसं. अक्का त्यांच्याशी भडाभडा बोलायला लागल्या. दोन वर्षांपासून चूल पेटवताना हात भाजतो. मुलगा सुरतेला. डॉक्टरनं सकाळी जेवना बघितलाच नाही, मी दोनदा सांगितलं, त्यानं सिस्टरला सांगितलं हिला जेवायला द्या.

अक्कांना आम्ही वर आणून बाकावर बसवलं, आणि मोठे डॉक्टर दोन ऑपरेशनांच्या मध्ये बाहेर आले तेव्हा मी त्यांना दारातच गाठलं. आतापर्यंत मी सभ्य बाई म्हणून जगले, पण त्या दिवशी मी त्या माणसाची वाट अडवून उभी राहिले. चूक माझी आहे, म्हटलं, कार्डावर मी चुकीचं लिहिलं, तुम्ही फक्त उजवा बघा. ते वैतागले होते, यादी भरलेली होती. तरी खाली वाकून त्यांनी बॅटरी मारली. मोतीबिंदू पिकला आहे, म्हणाले, आणखी थांबला असता तर अवघड होतं. शेवटी घेतो. पण रक्तदाब बघितला तर चढलेला, म्हणजे पुन्हा सगळं टांगणीला. गोळी दिली, आडवं केलं. एक तास आम्ही दोघं त्या खाटेपाशी बसून राहिलो. भाऊ त्यांच्याशी कापसाच्या गोष्टी करत होते. मी नुसती दर पंधरा मिनिटांनी सिस्टरच्या तोंडाकडे बघत होते. चारच्या सुमाराला त्यांना आत नेलं. भुवईवरची पट्टी उजव्या बाजूला आहे ना, हे मी स्वतः त्यांच्यामागे उभी राहून, स्वतःचा उजवा हात वर करून, दोनदा बघून घेतलं.

त्या रात्री धुळ्यातच नणंदेकडे राहिले. सकाळी आठला पट्ट्या काढायच्या होत्या. भाऊ परत गेले होते, जाताना मला दोनचार वाक्यं शिकवून. मी ती रिक्षात बसून घोकली. माझ्या वर्गातल्या कुठल्या पोरानं कविता घोकली नसेल अशी.

डॉक्टरांनी पट्टी काढली, कापसानं डोळा पुसला आणि तीन बोटं धरली. अक्कांनी पापणी दोनदा मिटली, उघडली. तीन, म्हणाल्या. मग खिडकीकडे बघितलं, मग सिस्टरच्या हातातल्या ट्रेकडे, मग स्वतःच्या हाताकडे, बराच वेळ. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. त्यांची नजर माझ्यापर्यंत आली तेव्हा मी एक पाऊल पुढे गेले.

"अक्का," मी म्हटलं, "चूक मन्ही व्हती."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि माझीच समजूत घातल्यासारख्या म्हणाल्या, "नही व बाई, मीच नीट बोलनू नही. पुढला टाईमले नीट बोलसू."

पुढला टाईम नव्हता. त्यांना तेवढा एकच डोळा होता.